हरभऱ्याच्या झाडावरून

पद सोडून पंधरा दिवस झाले नव्हते आणि माझे विनोद पडायला लागले.

विनोद तेच होते, सांगणाराही तोच. जुन्या टीममधले चार-पाच जण एका समारंभात भेटले. गप्पांच्या ओघात मी माझा हुकमी किस्सा काढला. आठ वर्षांत तो किमान पंधरा वेळा सांगितला असेल आणि दर वेळी सगळी मीटिंग-रूम हसली होती. एक जण तर टेबलावर हात आपटून हसायचा. त्या दिवशी किस्सा संपला तेव्हा दोघं सौजन्यापुरते हसले. टेबलावर हात आपटणारा मोबाइलमध्ये काहीतरी बघत होता. मान वर करून त्याने विचारलं, "काय म्हणालात, सर?"

घरी येताना राग आला नाही. मनात हिशेब मात्र सुरू झाला. विनोद पडला तर फार तर कान गरम होतात. पण त्या आठ वर्षांत मी अंदाज बांधले होते, निर्णय घेतले होते, कोण कामाचा आणि कोण बिनकामाचा हे ठरवलं होतं. तेव्हाही अशाच माना डोलल्या होत्या. त्या मानांच्या भरवशावर मी पुढची पावलं टाकली होती. हशा उसना होता तर माना तरी कुठून माझ्या मालकीच्या असणार?

मराठीत खुशामतीला शब्दांची कमी नाही. हांजी हांजी, तोंडपुजेपणा, लाळघोटेपणा, थुंकी झेलणं, री ओढणं. यातले बहुतेक शब्द करणाऱ्याला नावं ठेवतात. ऐकून घेणाऱ्याची फजिती दाखवणारा एक वाक्प्रचार मात्र मला फार आवडतो, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. हरभऱ्याला झाड म्हणणं इथूनच थट्टा सुरू होते. ते रोपटं वाढून वाढून गुडघ्यापर्यंत येतं. त्याच्या काडीवर धड चिमणी बसत नाही, तिथे माणूस काय चढणार! म्हणजे चढवणाऱ्याला काहीच उचलावं लागत नाही. त्याने शेजारी उभं राहून 'वा, केवढे उंच गेलात!' एवढंच म्हणायचं. बाकीचं काम चढणारा करतो. पाय जमिनीवर टेकलेले असताना आपण उंच आहोत असं मानायचं असेल, तर खाली न बघण्याची शिस्त लागते. ती शिस्त त्याची त्यालाच पाळावी लागते.

उघड खुशामत करणाऱ्यांची मला कधीच भीती वाटली नाही. ते दुरून ओळखू येतात. त्यांचं बोलणं ऐकताना आपल्यालाही जरा संकोच वाटतो, आणि तो संकोच राखणदारासारखा कामी येतो. अवघड असतो तो दुसरा प्रकार. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक प्लुटार्क याने त्यावर नेमकं बोट ठेवलं आहे. तो म्हणतो, मुरलेला खुशामतखोर स्पष्टवक्तेपणाचीही नक्कल करतो. क्षुल्लक चुकांवरून तो आपल्याला बोल लावतो आणि मोठ्या चुकांबद्दल अवाक्षर काढत नाही. मला हे वाचताना एक चेहरा आठवला. तो माणूस वर्षातून दोन-तीनदा माझ्या केबिनमध्ये येऊन दार लावून घ्यायचा आणि गंभीर आवाजात म्हणायचा, "सर, वाईट वाटलं तरी सांगतो. तुम्ही स्वतःच्या तब्येतीकडे अजिबात लक्ष देत नाही. सगळं स्वतःच्या अंगावर घेता. हा तुमचा दोष आहे." मी तो दोष फार नम्रपणे स्वीकारायचो. आपल्या तोंडावर सुनावणारी माणसंही आपल्याकडे आहेत, याचा अभिमान वाटायचा.

आणि जो खरोखर सुनावत होता, त्याचं काय झालं? ते सांगायला हवं.

आम्ही एका क्लायंटची जुनी हिशेबाची प्रणाली बदलून नवी बसवत होतो. मी सहा महिन्यांचा प्लॅन मांडला होता आणि वरच्यांना तो आवडला होता. टीमपुढे तो दाखवला त्या मीटिंगमध्ये एक सहकारी, वयाने माझ्याहून बराच लहान, तिसऱ्या स्लाइडवर थांबवून म्हणाला, "सर, जुन्या डेटाची साफसफाई यात धरलेलीच नाही. मी नमुना काढून पाहिला. एकाच ग्राहकाच्या तीन-तीन नोंदी आहेत, नावं वेगवेगळी लिहिलीत, काहींच्या तारखाच नाहीत. नुसतं मायग्रेशन करून भागणार नाही. चार महिने तरी वाढतील."

मी त्याच्यावर ओरडलो नाही, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरंच ओरडलो नव्हतो. मी म्हणालो, "चांगला मुद्दा आहे. बघू या," आणि चौथी स्लाइड लावली. पुढच्या आठवड्यात मीटिंग सुरू झाली तेव्हा एकेकाकडे बघून कामाचा आढावा घेतला आणि त्याच्यापाशी आल्यावर माझी नजर त्याच्यावरून घसरून पलीकडच्या मुलीवर गेली. मुद्दाम केलं असं मला वाटलं नव्हतं. पण टेबलाभोवती बसलेल्या अकरा जणांनी ते पाहिलं. अधिकारी माणसाच्या भुवईचं भाषांतर हाताखालची माणसं त्याच्याआधी करतात. दोन आठवड्यांत सगळं टेबल शिकून तयार झालं. 'अडचण आहे' या शब्दांची जागा आधी 'थोडं आव्हान आहे' ने घेतली, आणि मग तेही गेलं.

साप्ताहिक अहवालात प्रत्येक कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका असायचा. तीन महिने आमचे सगळे ठिपके हिरवे होते. तो अहवाल कोण बनवायचा, ठाऊक आहे? तोच मुलगा. फार सुबक बनवायचा. आलेख, टक्केवारी, नीट जुळवलेले रंग. वरच्यांनी एकदा त्याचं खास कौतुक केलं आणि मला वाटलं, चला, पोरगा मार्गी लागला.

सहा महिन्यांचं काम अकरा महिन्यांनी संपलं. मधल्या काळात जे झालं ते झालं. सातव्या महिन्यात सगळं एकदम बाहेर आलं त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं, "अरे, मला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "सांगितलं होतं, सर." आवाजात तक्रारही नव्हती. एकदा सांगितलं होतं, हे खरं होतं.

वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात एक प्रसिद्ध श्लोक आहे:

सुलभाः पुरुषा राजन् सततं प्रियवादिनः।
अप्रियस्य तु पथ्यस्य वक्ता श्रोता च दुर्लभः॥

राजा, सतत गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. कडू पण हिताचं बोलणारा दुर्मीळ, आणि ते ऐकून घेणाराही. हा श्लोक लोक सुभाषित म्हणून फेकतात, पण तो कोण कोणाला म्हणतो आहे हे सहसा कोणी बघत नाही. म्हणणारा मारीच आहे आणि ऐकणारा रावण. सीतेच्या हरणासाठी मदत मागायला रावण त्याच्याकडे आला आहे. मारीचाने रामाचा बाण एकदा खाल्लेला आहे, त्यामुळे तो अनुभवाने बोलतो. रामाच्या वाटेला जाऊ नकोस, यात तुझा, तुझ्या लंकेचा, सगळ्या कुळाचा नाश आहे. इतकं स्वच्छ, इतकं वेळेवर कोणी कोणाला क्वचितच सांगितलं असेल.

आणि मग हाच मारीच काय करतो? रावण त्याला सांगतो, ऐकलं नाहीस तर मीच तुला मारीन. मारीच दोन मरणांची तुलना करतो, निघतो आणि सोन्याचं हरीण होतो.

ही गोष्ट लहानपणापासून माहीत असूनही हे जोडकाम माझ्या लक्षात आलं नव्हतं. सत्य सांगणारा माणूस आणि सोन्याचं हरीण हे दोन वेगळे नाहीत. ज्याला धोका सगळ्यात चांगला कळलेला होता, त्याच्याकडूनच सगळ्यात देखणा भुलावा तयार झाला. त्याला खोटं बोलायची हौस नव्हती. त्याचं खरं कुठे खपत नाही हे त्याला दाखवून देण्यात आलं, एवढंच. रावणाने निदान तोंडाने धमकी दिली. मी नुसती नजर फिरवली, आणि माझ्याकडे दर शुक्रवारी हिरव्या ठिपक्यांचं हरीण चरायला येऊ लागलं.

श्लोकातला 'श्रोता च' हा तुकडा मला आता जास्त टोचतो. बोलणारे सापडत नाहीत, अशी तक्रार सगळेच वरिष्ठ करतात. मीही करायचो. बोलणारा असतो. तो पहिल्या महिन्यात बोलतो आणि श्रोता आहे की नाही हे पाहून ठरवतो.

हाच प्रकार देशाच्या आकाराचा झाला की काय होतं, ते चीनने १९५८ नंतर पाहिलं. शेती आणि उद्योग झपाट्याने वाढवण्याच्या माओच्या 'मोठी झेप' या मोहिमेच्या त्या वर्षात गावोगावचे पक्ष-अधिकारी पिकाचे आकडे फुगवू लागले. कमी सांगणारा मागासलेला ठरत होता, म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याच्या वर एक चढवत होता. त्या ऑगस्टमध्ये 'पीपल्स डेली' या पक्षाच्या मुखपत्राने हुबेई प्रांतातल्या माचेंगचा एक फोटो छापला. भाताचं पीक इतकं दाट की त्याच्या लोंब्यांवर चार मुलं उभी आहेत आणि पीक वाकतही नाही. दाखवण्यापुरतं एकाच वाफ्यात अनेक वाफ्यांतली रोपं आणून खोचण्याची तेव्हा रीतच पडली होती, आणि या फोटोतल्या मुलांच्या पायाखाली बाक दडवलेला होता असं पुढे बाहेर आलं. आपल्या हरभऱ्याच्या झाडाचा एवढा शब्दशः पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सरकार धान्याची वसुली त्या कागदावरच्या पिकातून करत होतं. १९५८ चं उत्पादन आधी साडेसदतीस कोटी टन जाहीर झालं, मग पंचवीस कोटींवर आणलं गेलं. प्रत्यक्षात ते वीस कोटींच्या आसपास होतं. जास्त पिकलं असं सांगितलं म्हणून जास्त उचललं गेलं आणि पिकवणाऱ्याच्या घरात काही उरलं नाही. पुढच्या तीन वर्षांत किती माणसं मेली यावर इतिहासकारांचं एकमत नाही. अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

तिथेही एक बोलणारा होता. संरक्षणमंत्री फंग दहुआय. स्वतः गावं फिरून आलेला, माओचा जुना साथीदार. जुलै १९५९ मध्ये लूशान इथे भरलेल्या पक्षाच्या बैठकीच्या वेळी त्याने माओला खाजगी पत्र लिहिलं. तेही जपून, आधी यशाची दखल घेऊन मग चुकांकडे येणारं. माओने ते पत्र छापून सगळ्यांना वाटलं आणि मग त्याच्यावर तुटून पडला. फंगचं मंत्रिपद गेलं. दोनच वर्षांपूर्वी, १९५७ मध्ये, माओनेच 'मोकळेपणाने टीका करा' असं आवाहन केलं होतं, आणि टीका आल्यावर पाच लाखांहून अधिक लोकांवर 'उजवे' म्हणून शिक्का मारला होता. एवढं झाल्यावर खालून खरा आकडा कोण कळवणार? दुष्काळ सुरू झालेला असतानाच लूशानमध्ये दारं-खिडक्या बंद झाल्या, आणि तो आणखी लांबला.

माझ्या हिरव्या ठिपक्यांची यांच्याशी तुलना करणं अतिरेकी आहे, मला कळतं. माझ्यामुळे कोणी उपाशी राहिलं नाही. पण यंत्र तेच आहे, फक्त त्याला जोडलेला पट्टा लहान आहे.

तरीही सगळा दोष सत्तेवर ढकलून मोकळं होता येत नाही, कारण कोणीही खुशामत करत नसताना सुद्धा आपण हवं तेच ऐकतो. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन याचा १९६० सालचा एक साधा प्रयोग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. त्याने लोकांना २, ४, ६ हे तीन आकडे दिले आणि सांगितलं, हे एका नियमात बसतात. तुम्ही तुमचे तीन-तीन आकडे सुचवा, ते नियमात बसतात की नाही ते मी सांगेन. खात्री झाली की नियम सांगा. बहुतेकांच्या डोक्यात लगेच आलं, दोन-दोनने वाढणारे आकडे. मग त्यांनी विचारलं, ८, १०, १२? हो. २०, २२, २४? हो. १००, १०२, १०४? हो. झाली खात्री! नियम सांगितला आणि तो चूक निघाला. खरा नियम एवढाच होता की आकडे चढत जायला हवेत. १, ७, ५०० सुद्धा चाललं असतं. २९ जणांपैकी फक्त सहा जणांना आधी एकही चुकीचा नियम न सांगता बरोबर उत्तर देता आलं.

यातली प्रत्येक 'हो' खरी होती. कोणी लोणी लावलं नव्हतं, कोणी फसवलं नव्हतं. प्रश्नच असे निवडले होते की 'हो'शिवाय दुसरं काही येऊ नये. १, २, ३ असं काहीतरी विचारून, आपली कल्पना पडते का हे बघायचं त्यांच्या मनात आलं नाही. मी हे वाचलं आणि माझा स्वतःचा आवाज ऐकू आला, "सगळ्यांना पटतंय ना?" या प्रश्नाला प्रामाणिक माणूसही 'हो'च म्हणतो. 'यातलं काय फसेल असं वाटतं?' हे मी आठ वर्षांत किती वेळा विचारलं, ते आठवायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न मी लवकर सोडून दिला.

आता तर होकार देणारं यंत्रच खिशात आलं आहे. मध्यंतरी मी एक जुना लेख एका चॅटबॉटला दिला. आधी सांगितलं, हे मी लिहिलंय, प्रामाणिक मत दे. उत्तर आलं, मांडणी प्रगल्भ आहे, भाषेला लय आहे. मग नवं पान उघडून तोच लेख पुन्हा दिला आणि लिहिलं, हे एकाने पाठवलंय, मला फारसं काही वाटलं नाही. उत्तर आलं, तुमचं निरीक्षण अचूक आहे, मांडणी विस्कळीत आहे, भाषा जड झाली आहे. दोन्ही वेळा लेखाबद्दल मला काहीच कळलं नाही. पहिलं उत्तर मी कॉपी करून ठेवलं हेही कबूल करतो. दुसरं ठेवलं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटीचं एक अपडेट थोड्याच दिवसांत मागे घेतलं. ते वापरणाऱ्यांची अति खुशामत करू लागलं होतं, हे कंपनीनेच मान्य केलं. लोकांच्या तात्कालिक पसंतीला जास्त वजन दिलं गेलं, असं कारण त्यांनी दिलं. म्हणजे या यंत्राला कोणी दरबारात नेऊन कुर्निसात शिकवला नव्हता. कोणत्या उत्तरावर माणसं खूश होतात हे त्याला दाखवत गेलं की ते त्या दिशेला सरकतं. माझ्या मीटिंगमधले अकरा जणही असेच शिकले होते. त्यांच्या बाबतीत अंगठा वर-खाली करायची सोय नव्हती, भुवई होती.

आता मी सुधारलो आहे, असं लिहायचा मोह होतोय. पण त्याआधी महाभारतातला एक श्रोता आडवा येतो. मघाचा तोच श्लोक उद्योगपर्वात विदुराच्या तोंडीही आहे. रात्र आहे, धृतराष्ट्राला झोप येत नाही, म्हणून त्याने विदुराला बोलावून घेतलं आहे. विदुर रात्रभर बोलतो, आडपडदा न ठेवता. धृतराष्ट्र त्याला अडवत नाही, धमकावत नाही, उलट आणखी सांग म्हणतो. आणि शेवटी म्हणतो, तू म्हणतोस ते अगदी खरं आहे, माझी बुद्धीही तिकडेच वळते, पण दुर्योधन समोर आला की ती पुन्हा फिरते. रावणापेक्षा मला हा श्रोता जास्त ओळखीचा वाटतो. स्पष्ट बोलणाऱ्याला मान द्यायचा, त्याचं कौतुक करायचं, 'तुझ्यासारखी माणसं हवीत' म्हणायचं, आणि सकाळी जे करायचं तेच करायचं. कडू औषधाची बाटली कपाटात ठेवल्याने बरं वाटणारी माणसं असतात, तसं. 'चांगला मुद्दा आहे, बघू या' हे वाक्य रावणाचं नाही, धृतराष्ट्राचं आहे.

हा लेख लिहून झाल्यावर वाटलं, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला दाखवावा. नाव घातलं नसलं तरी गोष्ट त्याची आहे. तो आता दुसरीकडे आहे, माझा त्याच्यावर कसलाही अधिकार नाही, म्हणून बरंही वाटलं. सोबत लिहिलं, 'यात काय चुकलंय ते सांग.' तीन दिवसांनी उत्तर आलं.

'सर, एकदा नाही. तीनदा सांगितलं होतं. एकदा मीटिंगमध्ये, मग मेलवर, आणि तिसऱ्यांदा लिफ्टपाशी. लिफ्टपाशी तुम्ही हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, म्हणून मला वाटलं, आता होईल. आणि मी चार म्हणालो नव्हतो, पाच महिने म्हणालो होतो.'

मेल शोधला. सापडला. मी तो उघडलेला होता आणि त्याला उत्तरही दिलं होतं, 'थँक्स, नोटेड.' लिफ्टपाशीचं मात्र मला आजही आठवत नाही. वरचं 'एकदा' आणि वरचे 'चार महिने' मी तसेच राहू दिले आहेत.

त्याच्या उत्तराच्या खाली आणखी एक ओळ होती. 'बाकी लेख छान झालाय, सर.'